तिसरी बारी

ऑडिओखाली एक मिनिट चार सेकंद असा आकडा उमटला आणि दीपाचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर जागीच थांबला. रोज तिथे वीस सेकंद असायचे, फार तर बावीस. तिची मुलगी उर्वशी केजी-टूमध्ये होती, आणि केजी-टूच्या सुरभी मॅडमचा नियम होता की घरी घेतलेल्या इंग्रजी वाचनाच्या सरावाचा ऑडिओ रोज दुपारी चारच्या आत पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. सव्वीस मुलं, सव्वीस ऑडिओ. कुणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत, कुणाच्या मागे बाप दबक्या आवाजात उत्तर पुरवत असे. दीपाचा ऑडिओ सगळ्यांत स्वच्छ. ती मशीन थांबवायची, पंखा बंद करायची, बटण दाबून धरायची आणि पोरीचं एकदा वाचून झालं की लगेच बोट उचलायची. बोट उचललं की ऑडिओ आपोआप जायचा आणि त्यानंतर घरात जे चालायचं ते घरातच राहायचं. आज नेमका बॉबिनमध्ये दोरा गुंतला होता, दोन्ही हात लागत होते. म्हणून तिने बोट वर सरकवून रेकॉर्डिंगला कुलूप लावलं आणि फोन अस्तराच्या ढिगावर ठेवून दिला. दोरा सुटला तेव्हा न बघताच बाणाची खूण दाबली. वरच्या चव्वेचाळीस सेकंदांत काय होतं हे तिला ऐकायची गरज नव्हती. तरी तिने फोन कानाला लावला.

आधी उर्वशीचा आवाज, ओल्या भुईमुगाची शेंग फोडावी तसा. एकेक ध्वनी सुटा, मग जोडून. ह्, ए, न्, हेन. अ रेड हेन सॅट इन अ टब. इथवर वीस सेकंद. मग एक छोटा श्वास घेऊन उर्वशी म्हणाली, "दुतियंपि." त्यावर सासूबाईंचा, सत्यशीलाबाईंचा आवाज, थोडा दूरचा, बहुतेक दाराजवळच्या पाटावरून: "अ रेड हेन सॅट इन अ टप." "टप नाही आजी, टब. ओठ मिट अन् सोड." "तेच तं म्हणून राह्यली वं मी. पण कोंबडी टबात कायले बसली?" "अंडं द्याले." मग उर्वशी पुन्हा गंभीर झाली होती. "ततियंपि. मम्मी, आता तुही बारी." थोडं थांबून, "मम्मी, तुही बारी." त्यानंतर अकरा सेकंद कुणीही काही बोललं नव्हतं. बॉबिनची डबी निघाल्याचा खट्ट आवाज आणि दोरा ओढल्याचा बारीक सरसराट. तिथे ऑडिओ संपला होता.

उर्वशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात रोज संध्याकाळी सात वाजता बुद्धवंदना होत असे, आणि पोरगी दोन वर्षांची असल्यापासून आजीच्या मांडीला लागून बसत आली होती. त्यातलं त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्या वेळी सुरुवातीला दुतियंपि म्हणायचं, म्हणजे दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी ततियंपि, म्हणजे तिसऱ्यांदाही. त्यामुळे या जगात जे काही महत्त्वाचं असतं ते तीनदा म्हटल्याशिवाय पुरं होत नाही, असं त्या साडेपाच वर्षांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इंग्रजी ध्वनींच्या पहिल्याच दिवशी दीपा "अजून एकदा म्हण" असं म्हणाली, तर पोरीने हात जोडले, डोळे मिटले आणि दुतियंपि म्हणून पुन्हा सगळं म्हटलं. आजी हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवसापासून पोरीने वाटणी करून टाकली: पहिली बारी माझी, दुतियंपि आजीची, ततियंपि मम्मीची. पहिल्या दोन बाऱ्या रोज होत. तिसरी गेल्या पाच आठवड्यांत एकदाही झाली नव्हती. दीपा कधी गॅस बंद करायला उठायची, कधी तिला अचानक कुणाच्या तरी ब्लाउजची बटणं आठवायची.

ऑडिओखालच्या दोन्ही बरोबरच्या खुणा निळ्या झाल्या. म्हणजे कुणा एकानेच बघितलं असं नाही, ग्रुपमध्ये ते तसं नसतं, असं नवऱ्याने तिला एकदा समजावलं होतं. सगळ्यांनी बघितल्यावरच निळ्या होतात. मग म्हणजे सगळ्यांनी बघितलंच. तिने बोट ऑडिओवर दाबून धरलं. सगळ्यांसाठी डिलीट करायचं का, असं फोनने विचारलं. ते केलं तर तिथे, हा मेसेज डिलीट केला, एवढी ओळ राहते. दीपाला कापडाची सवय. उसवलेल्या शिवणीची भोकं दिसतात, रेशमावर तर जन्मभर दिसतात, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. तिने बोट बाजूला घेतलं. पुन्हा ठेवलं. मशीनच्या बाजूला फरशीवर उर्वशी पोटावर झोपून कापडी अक्षरांशी खेळत होती. "मम्मी, मॅडमनं ऐकलं काय?" "ऐकतील." "मंग काय म्हन्लं?" "अजून काही नाही." "तू तुही बारी नाही घेतली ना, म्हणून," उर्वशी म्हणाली. अजिबात तक्रार नव्हती त्यात. रिक्षा आली नाही म्हणून उशीर झाला, असं सांगावं तसं.

ती इंग्रजी अक्षरं दीपाने अस्तराच्या तुकड्यांची कापली होती. मॅडमनी पाठवलेल्या लिंका उघडून बघितल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की यात शिवणकामापेक्षा काही वेगळं नाही. तुकडे सुटे कापायचे, कच्च्या टाक्याने जोडून बघायचे, बसतात असं दिसलं की मशीन मारायची. ह हिरव्या साटिनचा, न पिवळ्या पॉपलिनचा, लाल ए एका नवरीच्या ब्लाउजमधून उरलेला. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेले कागद पोरगी चुरगाळायची. कापड चुरगाळलं तरी अक्षर अक्षरच राहायचं. व्हिडिओमधली बाई पिवळ्या कुर्त्यात असायची, कुठल्या शहरातली कोण जाणे. ती हसायची आणि तोंड अगदी कॅमेऱ्याजवळ आणून दाखवायची की ओठ कुठे, जीभ कुठे, दात कुठे. दीपा दुपारी जेवण उरकलं की गिऱ्हाइकांच्या ट्रायलसाठी लावलेल्या उभ्या आरशासमोर बसून तसंच करायची. फक्त आवाज बंद ठेवून. आधी व्हिडिओचा आवाज बंद केला, कारण बाहेरून कुणी ऐकलं तर. मग आपलाही निघेनासा झाला. चाळीसच्या वर ध्वनी आहेत असं ती बाई म्हणत होती, किंवा म्हणत असावी. दीपाला ते सगळे येत होते. तोंडाला येत होते. आरशात एक बाई ओठ मिटायची, सोडायची, जीभ दातांत धरायची, आणि खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

तिचा इंग्रजीतला आवाज आठवीत बंद पडला होता. दारव्ह्याच्या शाळेत वाचायला उभं करत, आणि तिने मैत्रिणीकडून अख्खा धडा ऐकून ऐकून पाठ केला होता, एकही अक्षर न चुकता. सरांनी उभं केलं, तिने पुस्तक धरलं आणि घडाघडा म्हणत सुटली. अर्ध्या पानावर आल्यावर वर्ग का हसतो आहे हे तिला कळेना. सरांनी त्या दिवशी पुढचा धडा काढायला सांगितला होता. तिच्या हातातही पुढचाच धडा होता. पुस्तक एक बोलत होतं, ती दुसरंच. सर मारकुटे नव्हते; ते फक्त म्हणाले, "बसा, रेडिओ." दहावी होईपर्यंत ती रेडिओ राहिली. लग्नात एक मैत्रीण आहेर देताना कानात म्हणाली, "काय वं रेडिओ, सुखी राह्य." दीपा हसली होती. आताही आठवून ती थोडी हसलीच.

वंदनेच्या वेळी लावायच्या खिडकीचं आणखी वेगळं होतं. यवतमाळात दारव्हा रोडच्या या कॉलनीत भाड्याने येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. घरमालकीण विमलताई मागच्या अर्ध्या भागात राहत, कळंबकडे त्यांची कपाशीची आणि तुरीची शेती. घर दाखवताना त्यांनी आडनाव विचारलं, दीपाच्या नवऱ्याने, धम्मरत्नने, सांगितलं, त्या "बरं, बरं" म्हणाल्या आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगू लागल्या. त्या दोन बरं-मध्ये काय होतं हे दीपाने बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं होतं, कापडाची सुलटी बाजू शोधतात तसं. काही सापडलं नाही. विमलताई वाईट बोलल्या नाहीत कधी. ब्लाउज तिच्याचकडे शिवायला टाकत, शेतातून आल्या की वांगी आणून देत. फक्त चहा घेत नसत. त्यांचा चहा दोन वर्षं आताच झालेला असे. बुद्धांची तसबीर सत्यशीलाबाईंनी पहिल्याच दिवशी समोरच्या खोलीत लावली, त्यावर चर्चा झाली नाही. पण पहिल्या संध्याकाळी वंदनेआधी दीपाने उठून रस्त्याकडची खिडकी लावली. "डास येतात," ती म्हणाली. मग रोजच लावू लागली. थंडीत, उन्हाळ्यात, पंखा गरम हवा फेकत असतानाही. सासूबाईंनी काही दिवस ते नुसतं पाहिलं. एकदा वंदनेच्या गाथांचं पुस्तक मिटता मिटता म्हणाल्या, "डासही मोठे टायमाचे पक्के हायत बापा. बरोब्बर साताले येतात."

फोन वाजला. धम्मरत्न. तो एस.टी.त कंडक्टर, आज पुसद गाडीवर होता, दारव्ह्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली होती. मागून फेरीवाला शेंगदाण्याच्या नावाने ओरडत होता. "दीपा, मी ऐकलं ग्रुपवर. आई तं लय भारी म्हणून राह्यली." "अहो, पूर्ण गेलं ते. दुतियंपि, ततियंपि, सगळं." "मंग?" "मंग काय मंग. काढू काय?" तिकडे त्याने कुणाला तरी पुसदच्या गाडीचं फलाट सांगितलं. मग म्हणाला, "काढाचं तं काढ. पण मी दिवसभर 'पुढं सरका' हे तीनदाच म्हणतो. पयल्यांदा कोणी ऐकत नाही, दुसऱ्यांदा माह्याकडं पाह्यतात, तिसऱ्यांदा सरकतात. पोरगी काही चुकीचं नाही करून राह्यली." "तुम्हाले मजाक सुचते." "मजाक नाही वं. काहून काढतं? राहू दे." घंटी वाजली, फोन बंद झाला.

तो हे म्हणाला तेव्हा दीपाला तिचे बाबा आठवले, आणि तेही अगदी सरळ आठवले नाहीत. आधी एक बोट आठवलं. जाड, नख काळं पडलेलं, पोत्याच्या सुतळीने चिरलेलं. मारोती हे तिच्या बाबांचं नाव. ते दारव्ह्याच्या बाजारात हमाली करत, आणि गावातल्या दहा घरांच्या विहारात वंदना तेच घेत, कारण आवाज तेवढा त्यांचाच होता. पुस्तक मांडीवर मिटलेलं असायचं. तिसरीत असताना तिने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही उघडत काहून नाही?" ते म्हणाले, "मले कुठं वाचता येते माय." इतक्या सहज म्हणाले की तिला वाटलं हे सगळ्या गावाला माहीत असेल. माहीत नव्हतं कुणालाच. दुसऱ्या दिवशी माणसं जमायच्या आत त्यांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मी म्हणतो, तू बोट ठेवत जाय." ते म्हणत, ती त्या त्या अक्षराखाली बोट सरकवत नेई. एकदा. दोनदा. तीनदा. चार-सहा दिवसांनी त्यांनी तिचं बोट हलकेच बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. "पयल्या बारीले तोंड म्हन्ते," ते म्हणाले, "दुसऱ्या बारीले डोया पाह्यते. तिसऱ्या बारीले दोघांची भेट होते." पाडव्यापर्यंत त्यांना वाचता येऊ लागलं. मग महिनाभर त्यांनी घरादाराला पिसं आणलं. खताच्या पोत्यावरची अक्षरं, दुकानांच्या पाट्या, एस.टी.च्या पाठीवरचं, सगळं मोठ्यांदा. बैलगाडीत बसून ते गावभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचत: "पुढे गतिरोधक आहे." तिची आई म्हणे, "आता डोळे मिटा थोडे. पाट्या कुठं पळून नाही चालल्या." ते डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनी हसत.

मशीनसमोर बसल्या बसल्या दीपाला एक गोष्ट आज पहिल्यांदाच दिसली, आणि दिसली म्हणून तिला आश्चर्य वाटलं की आजवर दिसली कशी नाही. पिवळ्या कुर्त्यातली बाई हेच तर सांगत होती. आवाज आधी, अक्षर मग, आणि बोट खाली ठेवत जायचं. तिच्या बाबांनी हे विहाराच्या ओट्यावर केलं होतं, लिंक न उघडता. रेडिओनेही अर्धं तेच केलं होतं, नुसतंच ऐकून म्हणणं. फक्त तिच्या अक्षराखाली कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिची पहिली बारी झाली होती आणि वर्ग हसला होता, एवढंच. दुसरी, तिसरी राहून गेली होती.

फोन थरथरला. ग्रुपवर अमर यांचा मेसेज होता, विक्कीचे पप्पा, कृषी सेवा केंद्रवाले. दीपाने एक डोळा मिटून वाचला. "मॅडम, दुतियंपि हा कितवा साऊंड आहे? विक्कीच्या वर्कशीटमध्ये दिसत नाही. आमचं काही सुटलं का?" तिने दुसरा डोळा उघडून पुन्हा वाचला. खाली लगेच आणखी एक: "आमच्याकडे पण नाही." मग एक, "ततियंपि पण नाही. पीडीएफ टाका प्लीज." मग एक आई, "परीक्षेला आहे का?" सुरभी मॅडम लिहीत आहेत असं वर दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. मॅडम पुसदच्या, पहिलीच नोकरी, वय जेमतेम तेवीस. शेवटी त्यांचा मेसेज आला: "उर्वशीची मम्मी सांगतील," आणि पुढे दोन जोडलेले हात.

दीपाने लिहिलं, चुकून गेलं. पुसलं. लिहिलं, ते घरचं आहे. पुसलं. घरचं म्हणजे काय असं विचारलं तर? लिहिलं, ती आमची, आणि आमची या शब्दापाशी अंगठा थांबला. चौथ्यांदा तिने काहीच लिहिलं नाही, तेवढ्यात मागच्या दाराने विमलताई आल्या. कळंबला भाच्याचा साखरपुडा होता, ब्लाउज आजच हवा होता. बटणांची काजं व्हायची होती, दीपाने बसायला खुर्ची दिली आणि सवयीने विचारलं, "चहा टाकू?" "नको वं, आताच झाला," विमलताई म्हणाल्या, आणि फरशीवरची अक्षरं पाहू लागल्या. "हे काय मांडलं उर्वशीबाईनं?" "कोंबडी हाय ही," उर्वशी म्हणाली, "ह्, ए, न्. टबात बसली." "कायले?" "अंडं द्याले. तुम्ही म्हणा ना. दुतियंपि तुम्ही."

सत्यशीलाबाई पाटावरून पटकन म्हणाल्या, "पोट्टीच्या नादी नका लागू ताई, वंदनेतला शब्द तिनं कोंबडीले लावून ठेवला." दीपाचा काजं करणारा हात थांबला. विमलताईंनी चष्मा वर केला. "मले माहीत हाय तो," त्या म्हणाल्या. "रोज ऐकू येते."

"रोज?" दीपाने विचारलं.

"मंग. तुमच्या बाथरूमची झडप माह्या ओट्यावरच तं उघडते. तुमचं सुरू झालं का मले समजते, सात वाजले. मी तेव्हाच दिवा लावतो. मागं तुम्ही आठ दिवस गावाले गेलते ना, तं माह्या दिव्याचा टाइमच हुकला." त्यांनी उर्वशीकडे पाहिलं. "हिचा आवाज सगळ्यांच्या वर असते. गोड हाय. पण ते एक समजलं नाही मले. खिडकी कायले लावता वं? आत उकडत नाही?"

"डास येतात," दीपा म्हणाली.

"डास तं झडपीतूनही येतात."

सत्यशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. दीपाला आधी वाटलं खोकला आला. मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं आणि कळलं की म्हातारी हसते आहे, दोन वर्षांचं साठवून ठेवलेलं हसते आहे. दीपालाही हसू फुटलं, नाकातून, घशातून, थांबवता येईना, सुई बोटाला टोचली तरी. विमलताईंना नेमकं काय झालं ते कळलं नाही. पण हसणाऱ्या दोन बायकांत तिसरीला कोरडं बसवत नाही, म्हणून त्याही हसल्या. जाताना ब्लाउज पिशवीत घालून दारात थांबल्या, आणि दीपाने पुन्हा विचारलं, "खरंच नको चहा?" "आताच झाला," त्या म्हणाल्या. दीपाने ते ऐकून घेतलं. दिवाही खरा होता आणि चहाही खराच होता. दोन्हींची एक शिवण घालायला जावं तर कापड कमी पडत होतं. तिने तो विषय तेवढ्यावर ठेवला.

मग ती मशीनवरून उठून खाली फरशीवर बसली. फोन मध्ये ठेवला, बटण दाबलं, बोट वर सरकवून कुलूप लावलं. या वेळी मुद्दाम. "मी उर्वशीची मम्मी," ती म्हणाली. आवाज जाड निघाला, तिने खाकरून घेतलं. "दुतियंपि हा साऊंड नाही. कोणाचं काही सुटलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरी रोज वंदना होते, त्यात तीनदा म्हणतात. दुतियंपि म्हणजे दुसऱ्यांदाही, ततियंपि म्हणजे तिसऱ्यांदाही. उर्वशीला वाटते सगळंच तीनदा म्हणाचं असते." ती थांबली. इथे बोट उचलता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. उर्वशीने तिचा हात धरला, तर्जनी वेगळी काढली आणि हिरव्या साटिनच्या ह-खाली नेऊन ठेवली. "बोट ठेव मम्मी," ती कुजबुजली. "नाहीतर हरवशील."

ह् हा आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. तो बाहेर पडायला काहीच लागत नाही, हे आरशात कधी कळलं नव्हतं. मग ए. मग न्, आणि न् म्हणताना नाकाच्या मुळाशी जी बारीक गुणगुण झाली ती तिला ओळखीची वाटली. बाबांच्या मांडीशेजारी बसल्यावर त्यांच्या बरगड्यांतून अशीच ऐकू यायची. बोट लाल कापडावरून पिवळ्यावर सरकलं. टाका लागला. "हेन," दीपा म्हणाली. आवाज खोलीत गेला आणि काही झालं नाही. पंखा फिरत होता. कुणी हसलं नाही. तिने मागे जाऊन सुरुवातीपासून धरलं, एकेक तुकडा, घाई न करता, आणि शेवटच्या ब्-वर ओठ मिटून सोडले तसा एक छोटा बुडबुडा फुटल्यासारखा आवाज झाला. "अ रेड हेन सॅट इन अ टब."

"झालं," उर्वशी म्हणाली. "आता पुरं झालं." आणि आपल्या हाताने बाण दाबला.

पाच वाजेपर्यंत ग्रुपवर काहीच नव्हतं. दीपाने दोन फॉल-पिको उरकले. फोन उपडा ठेवला होता, तरी मधून मधून उचलून पाहत होती. सव्वापाचला अमर यांनी लिहिलं, "अच्छा अच्छा. म्हणजे सिलॅबस पूर्ण आहे. धन्यवाद." सुरभी मॅडमनी उर्वशीला तीन चांदण्या दिल्या. दोघी-तिघींनी अंगठे टाकले. बाकीचे गप्प राहिले. सव्वीस घरांतल्या एकवीस-बावीस घरांचं गप्प राहणं तिने नेहमीसारखं उलटसुलट करून पाहायला घेतलं. तेवढ्यात पावणेसहाला, चारची वेळ कधीच उलटून गेल्यावर, विक्कीचा ऑडिओ आला. तीसच्या वर सेकंद. विक्कीने वाचलं, भरभर, अर्धं गिळून. मग आरोळी दिली, "दुतियंपि! पप्पा, तुमची बारी." एक खुर्ची सरकली. मोठा माणूस खाकरला. पुन्हा खाकरला. "पप्पा, तुमची बारी." ऑडिओ तिथेच कापला गेला.

दीपाने तो पुन्हा ऐकला. त्या खाकरण्यात असं काहीतरी होतं जे तिला आरशातून ओळखू येत होतं. कृषी सेवा केंद्रात काउंटरमागे उभं राहून तालुक्याला फवारणी समजावणारा माणूस, त्याच्याही वर्गात कुणीतरी कधीतरी हसलं असणार. तिने उत्तर लिहिलं नाही. कपडे घडी करता करता वाट पाहत राहिली. साडेसहाला, सगळे ऑडिओ येऊन संपल्यावर, एकोणीस सेकंदांचा आणखी एक आला. जाड, दबका, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेताने काढलेला पुरुषी आवाज: "अ... रेड... हेन..." आणि मागून विक्की, दिलदारपणे: "येते तुम्हाले पप्पा. येते."

"आजी, आता विक्कीची ततियंपि राह्यली," उर्वशी म्हणाली. "त्याची मम्मी म्हणन," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि मेणबत्ती पेटवायला उठल्या. सात वाजत आले होते. दीपा सवयीने खिडकीपाशी गेली. बाहेर कॉलनीतली पोरं सायकली उभ्या करत होती, कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं, मागच्या ओट्यावर विमलताईंच्या समईच्या तेलाचा वास. तिने कडीला हात लावला. सासूबाई मेणबत्तीपाशी उभ्या राहून तिच्याकडे पाहत होत्या. दीपाने कडीवरचा हात काढून घेतला आणि येऊन उर्वशीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसली.

त्या संध्याकाळी डास फार चावले.